मोती रडतो की नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार
तिसरीच्या वह्या तपासल्या. पुस्तकातल्या कवितेचा सारांश लिहायला दिला होता. एकोणीसपैकी सतरा जणांचं अक्षरन् अक्षर सारखं. 'प्रस्तुत कवितेत कवी आपणास सांगू इच्छितात की…' गाईडमधून. आठ वर्षांचं लेकरू 'प्रस्तुत' लिहितं! उरलेल्या दोघांत एक गैरहजर. दुसरा सार्थक, त्याने बैल काढला. बैल बरा आहे.

वर्गात विचारलं, कविता ऐकून काय वाटलं? सगळे एका सुरात, "छाऽऽन वाटलं!" पुन्हा विचारलं. पुन्हा छान. शेवटी फळ्यावर 'छान' लिहून त्यावर फुली मारली. आजपासून हा शब्द बंद.
अल्फिया लगेच उठली. "मॅडम, मंग काय वाटलं थे मालूम कसं पडते?"
मला सांगता आलं नाही. एकवीस वर्षं शिकवतेय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
गाईडमध्ये नसलेली कविता हवी, म्हणून स्वतःच केली. चिखलीहून येताना गावच्या फाट्यावर एक कुत्रा रोज बसलेला दिसतो, त्याच्यावर. कविता कसली, जोडाजोड:

लाल गाडी आली, लाल गाडी गेली,
मोतीची मान मागेमागे वळली.
उतरले कितीक, चढले कितीक,
मोतीच्या ओळखीचं नाही कुणी एक.
मोती भुंकत नाही, मोती रडत नाही,
मोती फाट्यावरून उठत पण नाही.

फळ्यावर लिहिली, तीनदा म्हटली. मग सांगितलं, घरी ज्याने ऐकली नाही त्याला तीन वाक्यांत सांगायचं, काय झालं. हा सारांश. मग एक वाक्य स्वतःचं. खरं. वेगळ्या छोट्या वहीत. ती वही फक्त मी वाचणार, तुम्ही म्हणाल तरच दुसऱ्याला. शब्द दिला. एवढा मोठा शब्द द्यायचं ठरवलं नव्हतं, बोलता बोलता गेला.

२० नोव्हेंबर, गुरुवार
वह्या आल्या. आज एकही 'प्रस्तुत' नाही!
सार्थकचं स्वतःचं वाक्य: 'मले भूक लागली.' खरं असणार, खिचडीच्या आधीचा तास होता.
अल्फिया: 'मोतीले शाळेत टाका. त्याचा टाईम जाईन.'

आणि प्राची. दुसऱ्या बाकावरची, शहाणी, कधी काही मागत नाही. तिची आई जूनपासून नागपूरला नर्सिंग शिकतेय, होस्टेलवर. वडील ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी. ही आजोबांजवळ. तिने लिहिलं ते तसंच उतरवते:

'एक कुत्रा होता. त्याचं माणूस गाडीनं गेलं. मोती रडत नाही असं लिहिलं पण मॅडमले माहीत नाही, कोणी नसलं का थो रडते.'
खाली स्वतःचं वाक्य: 'मले आईचा राग येते. आईले सांगू नका.'

लाल पेन हातात होतं. बरोबरची खूण कशी करणार? बऱ्याच वेळाने खाली लिहिलं, 'वाचलं. नाही सांगणार.' निळ्या पेनने.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळची शाळा. प्राचीचे आजोबा, आबा, आले. पांढरी टोपी हातात धरून दारातच उभे. या म्हटलं तरी आत येईनात. पोरीच्या दप्तरात वही सापडली, शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेतली. आबांना फक्त सही येते.

"मॅडम, लेकरायले रडवता काऊन तुम्ही?"
मी रडवत नाही म्हटलं. रडू असतं, ते कागदावर येतं.
"कागदावर येते अन् मंग घरात येते. काल जेवली नाई पोरगी." मग, "तिच्या मायनं मोठ्या मुश्किलीनं पाय काढला हो. बारावी झालेली सून, धा वर्स चूल अन् वावर केलं. म्याच म्हणलं, जाय, शीक. पोरीले सांगतलं, फोनवर रडाचं नाई, माय परत येऊन जाईन. सहा महिने झाले, पोरगी रडली नाई. अन् तुम्ही एका कवितेत…"
जाताना मात्र, "रागावलो नाई तुमच्यावर."
रागावले असते तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर तेच. माणूस वाईट नाही, उलट गावात सुनेला शिकायला पाठवणारा एकटा. आणि पोरीला रडू नको सांगणाराही तोच.

माझी लेक ऋचा तिसरीत होती तेव्हा माझी बदली लोणारकडे. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी यायचं, दोन वर्षं. ती चिखलीला सासूबाईंकडे. कधी रडली नाही. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, माझी ऋचा फार समजूतदार.

आज तिला पुण्याला फोन केला. जेवलीस का, थंडी आहे का, झालं. मग विचारलं, मी लोणारला जायचे तेव्हा तुला काय वाटायचं?
"आज काय मध्येच?"
सांग ना.
"आठवत नाही गं." मग, "तू निघायचीस ना, तेव्हा मी मोरीत जाऊन बसायचे. नळ सोडून."
मला वाटायचं दात घासतेय.
"घासायचे पण," म्हणाली, आणि हसली. मी पण हसले. फोन ठेवल्यावर पोहे करायला घेतले होते ते जळाले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कविता घेतली नाही. बेरीज हातच्याची. प्राची खाली मान घालून गणितं करत होती, सगळी बरोबर. एक तरी चुकावं असं मला वाटत होतं.

सुटीआधी अल्फिया: "मॅडम, कवितेची वही बंद झाली का?"
बघू म्हटलं.
"तुम्हाले काय वाटलं थे तुम्ही सांगतलंच नाई. मोतीचं."
"मला छ—" तोंडातून निघालंच होतं. पूर्ण वर्ग ओरडला, "फुली! फुली!"
मग सांगितलं. माझी मुलगी तुमच्याएवढी असताना मी तिला ठेवून दूर शाळेत जायचे. मला वाटायचं तिला काही होत नाही. मला आता वाईट वाटतं, की मी विचारलं नाही.
सार्थक म्हणाला, "आता इचारा नं."
विचारलं म्हटलं.
"मंग?"
मंग काही नाही.
प्राची माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदा एवढा वेळ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आबा पुन्हा आले. आज आत आले, मागच्या भिंतीला टेकून बसले. "शिकवा तुम्ही. पाहाले आलो."
मोतीचीच कविता घेतली. मुद्दाम नाही, किंवा मुद्दाम. मुलांनी म्हटली. अल्फियाला कुठून धीर येतो देव जाणे, वळून म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा सारांश. तीन वाक्यात."
मी तिला थांबवणार होते. पण आबा विचारात पडलेले. बोटं मोजून म्हणाले, "एक जनावर हाये. त्याचं माणूस गेलं. म्या म्हणलं, उठू नको, रडू नको, येईन थे."
"कवितेत तुम्ही नाई हाव, आबा," सार्थक.
"नाई का?" आबा म्हणाले. "मले वाटलं हावो."
"आता तुमचं खरं वाक्य," अल्फिया.
बाहेर कापसाचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पुरता जाऊ दिला त्यांनी.
"मले भेव लागते," म्हणाले. "सून शिक्षण सोडून परत आली तं? म्हणून पोरीचं तोंड दाबलं म्या."
प्राची उठली. मला वाटलं बाहेर पळते. ती मागे गेली आणि आबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. दोघं समोर बघत. मी पुढचा धडा काढला, कुठला ते आठवत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले होते. उपक्रम आवडला. म्हणाले, निवडक पानांचे फोटो पाठवा, ग्रुपवर टाकू, इतर शाळांना प्रेरणा. एका क्षणापुरता मोह झाला, खोटं कशाला लिहू. प्राचीचं पान डोळ्यासमोर आलं. मग म्हटलं, सर, शब्द दिलाय मुलांना. कविता न्या, पानं नाही. त्यांना लागलं असावं. चहा अर्धा ठेवून गेले.

६ डिसेंबर, शनिवार
अभिवादनाचा कार्यक्रम विहारात. आबा पांढऱ्या शर्टात, हात धरून प्राची. मेणबत्त्या लावून झाल्यावर दोघं माझ्याजवळ आले.
प्राची म्हणाली, "मॅडम, उद्या आईचा फोन येते. मी वाचू का माहं पान?"
आबा माझ्याकडे बघत होते. मी आबांकडे.
"पान तुझं आहे," मी म्हटलं.
"तसं नाई. वाचलं तं आई येऊन जाईन का?"
माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "वाच," म्हणाले. "मी बाहीर बसतो."

८ डिसेंबर, सोमवार
वाचलं. फोन स्पीकरवर होता, आबांना बाहेर ऐकू आलं; त्यांनीच शाळेच्या फाटकापाशी सांगितलं. पूर्ण वाचलं, 'आईले सांगू नका' सकट. तिकडून आई एवढंच म्हणाली, "उद्या करतो फोन," आणि बंद.
"मंग पोरगी दोन भाकरी जेवली," आबा म्हणाले. हे चांगलं की वाईट, ते त्यांनाही कळत नव्हतं.

९ डिसेंबर, मंगळवार
दुपारी अनोळखी नंबर. "मॅडम, मी प्राचीची मम्मी बोलून राह्यली." आवाज बसलेला. "खरं सांगा. येऊन जाऊ का मी वापस?"
व्हरांड्यात उभी होते. आत वर्ग गोंगाट करत होता.
म्हटलं, "तिने राग येतो लिहिलं. ये असं नाही लिहिलं."
"मंग काय करू?"
"तिला विचार."
"तिनं हो म्हणलं तं?"
मी वर्गाचं दार ओढून घेतलं. मग तीच म्हणाली, शनिवारी एक दिवसाची सुटी मिळते, येतो.

१३ डिसेंबर, शनिवार
नागपूरची रात्रीची गाडी धरून सकाळीच आली. दहाच्या सुमारास शाळेच्या फाटकाशी उभी. निळा स्वेटर, खांद्याला पिशवी. मी खिडकीतून पाहिलं, प्राचीनेही. सगळ्या वर्गाने पाहिलं.
"जा," मी म्हटलं.
ती उठली नाही. आज छोट्या वहीचा तास होता. तिने बाहेर एकदा बघितलं, मग पेन्सिल उचलली. "माहं व्हाचं हाये अजून."
लिहीत राहिली. खोडलं, पुन्हा लिहिलं. सुटीची घंटा झाली, बाकीचे बाहेर पळाले. फाटकाशी तिची आई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभी. आत ये म्हणून मी हात केला, तिने मान हलवली. नको, होऊ द्या तिचं.
मी टेबलाशी बसून राहिले. पान भरलं, प्राचीने पान उलटलं.