मोकळं टोक

४ मार्च
ओढ्यावरचा पूल आम्हालाच मिळाला! फक्त चालणाऱ्यांसाठी. पत्रात एक अट ठळक अक्षरांत — पूल ओढ्याचाच भाग वाटला पाहिजे. ताई म्हणाली, "म्हणजे बांधायचा, पण डोळ्यांत खुपू द्यायचा नाही. मग तुला कशाला नेमलंय? तुझं सगळंच उठून दिसतं!"
आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं. मी रेघा मारतो, त्या उभ्या राहतील का ते ताई बघते. आई-बाबा गेल्यापासून घरातही आम्ही दोघंच. दिवसभर ऑफिसात भांडायचं आणि उरलेलं घरी आणायचं.

९ मार्च
ओढ्यावर गेलो. दोन्ही काठांना वाळुंजाची झाडं, लव्हाळी, एक खंड्या. ताईचा बूट चिखलात रुतला तो तिथेच राहिला. झाडांच्या खात्याचे साहेब आले होते, त्यांच्या सहीशिवाय इथे पान हलत नाही. मी त्यांचं नाव ठेवलंय झाडवाले. उंच, अबोल, खिशात कसल्या कसल्या बिया. मला म्हणाले, "वाळुंजाच्या मुळांना धक्का लागला तर सही विसरा." मग बाह्या सरसावून ताईचा बूट उपसून काढला, धुतला आणि तिला म्हणाले, "ओल्या पायाने बसू नका, सर्दी होईल."
माझे दोन्ही बूट ओले होते. माझ्या सर्दीचं कोणाला काय!

१४ मार्च
कडाक्याचं भांडण. मला पाण्यात खांब नको. ताई म्हणते, "खांब नको तर तुळई जाड लागेल. ती खाली लोंबणार, पुरात ओंडके अडकणार. की हवेत टांगतोस?" बोलणं बंद. जेवताना मीठ तिच्या बाजूला होतं. मागितलं नाही, अळणी खाल्लं.

१५ मार्च
दात घासता घासता ताईने सोडवलं! तोंडात फेस, आरशावर बोटाने रेघा. कठडाच तुळई! सगळा भार दोन बाजूंच्या कठड्यांनी पेलायचा. मग पायाखालचा भाग पातळ राहतो आणि खांबाची गरजच नाही. मी कठड्याच्या पट्ट्या लव्हाळ्यासारख्या तिरक्या काढल्या, कुठे दाट, कुठे विरळ. भार कुठून कसा जाईल ते ताईने बोटाने गिरवून पाहिलं. "तिरक्या पट्ट्या भारही चांगला नेतात. चुकून बरोबर आलंय तुझं."
तिच्या भाषेत याला कौतुक म्हणतात. दिवसभर मी हवेत.

२८ मार्च
झाडवाले पुन्हा हजर! मुळं वाचावीत म्हणून काठाशी पुलाला वळण दिलं, तरी या गृहस्थांचं समाधान होत नाही. ऑफिसात आले की नकाशा उलटा धरून बघतात. ते आले की ताई चष्मा पुसायला घेते, आणि ते जाईपर्यंत पुसतच असते.
मी काही दुधखुळा नाही.

११ एप्रिल
विचारलंच शेवटी. ताई म्हणाली, "हो. लग्नाचं विचारलंय त्यांनी." तिचं वय बावन्न. त्यांची बदली वरच्या खोऱ्यातल्या रोपवाटिकेत होतेय. तिकडे राहायला गेली तर रोज ऑफिसात येणं शक्यच नाही.
आणि मी काय म्हणालो? "मग पुलाचं गणित कोण करणार?" एवढंच! छान झालं म्हणायचं सोडून तोंडातून पूल बाहेर पडला. ताई हसली. म्हणाली, "पुलाला मंजुरी मिळू दे, मग देईन त्यांना उत्तर."
मला हे नकोय. इथे तरी खरं लिहितो. ती गेली तर मी भांडू कोणाशी?

२० एप्रिल
पुलाची दोन्ही टोकं मी काठाच्या दगडात घट्ट बसवून टाकली. सरकतं टोक ठेवलं की तिथली फट झाकायला वर लोखंडी पट्टी येते, तिने सगळी शोभा जाते. ताईने त्यावर सरळ काट मारली.
"उन्हात लोखंड वाढतं रे. दोन्हीकडे जखडलंस तर वाकेल नाहीतर तडकेल. एक टोक मोकळं सोडावंच लागतं."
माझं डोकंच सटकलं. "टोमणे मारायचे तर सरळ मार! पुलाच्या आडून कशाला?"
"कसले टोमणे?" ती खरंच गोंधळली. मग तिची ट्यूब पेटली. "गाढवा! मी लोखंडाबद्दल बोलतेय!"
दोघंही पोट धरून हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच होतं असं मी धरून चाललोय. टोक मोकळं केलं. पट्टीच्या दोन्ही अंगांना ओढ्यातलेच गोटे बसवले.

३ मे
ताई आज मला भात लावायची रीत समजावून सांगत होती. मी मुद्दाम लक्ष दिलं नाही.

६ मे
सही झाली!! झाडवाल्यांनी शेवटचा नकाशा आज पहिल्यांदाच सुलटा धरला. म्हणाले, "काठ कुठे संपतो आणि पूल कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही. फार चांगलं केलंत दोघांनी." दोघांनी म्हणाले! मला हा माणूस आवडून घ्यायचा नव्हता. आवडला.
ताई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. मी खिडकीशी जायचं नाही असं ठरवलं आणि गेलो नाही.

७ मे
ताईने त्यांना नकार दिलाय. काल, फाटकापाशी. "धाकट्याला एकट्याने जमणार नाही," असं सांगितलं म्हणे. मला हे पाव भाजता भाजता सांगते! मला हवं होतं तेच झालं, आणि मी पाव तसाच टाकून उठलो.
इस्त्रीचा शर्ट घातलाय. "कुठे निघालास नटून?" ताई स्वयंपाकघरातून विचारतेय. झाडवाल्यांकडे — मुलीकडचा म्हणून.