बारा गुलाब आणि जुन्या शब्दांची पेटी

मी, बिस्त्रा हाजीपेन्कोवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, राहणार त्र्याव्ना, बल्गेरिया, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही भरीस घातलेलं नसताना, माझ्यामागे काय व्हावं ते सांगते. नोटरी इलियेवाबाई लिहून घेत आहेत. एक शब्दही गाळायचा नाही, अशी त्यांना ताकीद आहे. साक्षीला शेजारची पेन्का आणि भिंतीपलीकडचा स्पास दोन्कोव यांना बोलावलं आहे. स्पास तीस वर्षांनी या घरात आला आहे आणि टोपी हातात धरून दाराशीच उभा आहे.

कलम एक. घर, अंगण आणि बँकेत असेल ते माझी भाची क्रेमेना हिला. खिडक्यांच्या लाकडी चौकटी काढून प्लॅस्टिकच्या बसवल्यास मी तिच्या स्वप्नात येईन.

कलम दोन. मिरच्या भाजायचं यंत्र मी पेन्काला कालच देऊन टाकलं आहे, ते या वाटणीत धरू नये. तिने माझ्या सात बरण्या परत केलेल्या नाहीत, तरीही.

"पाच गं!" पेन्का म्हणते.

सात.

कलम तीन. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी माझ्या नावाने वाटायचा गोड गहू शिजवाल तेव्हा साखर हात आखडून घालू नये. दारावर लावायच्या माझ्या निधनाच्या सूचनेवर शिक्षणखात्याच्या ओळखपत्रावरचा फोटो लावू नये. त्यात मी चोर दिसते.

कलम चार. कपाटावरची लाकडी पेटी. इंग्रजीत सवय आणि रीत यांना जे जुनाट शब्द होते, जे आज खुद्द इंग्रजांनाही आठवत नाहीत, ते मी आणि स्पासने चौतीस वर्षं वेचले आणि प्रत्येकापुढे आपला बल्गेरियन शब्द लिहिला. 'वोंट'पुढे मी 'नावीक' लिहिलं, म्हणजे एकट्या माणसाची सवय. स्पासने ते खोडून 'ओबिचाय' लिहिलं, म्हणजे साऱ्या गावाची रीत. मी ते खोडलं. खोडून खोडून त्या चिठ्ठीला भोक पडलं आहे. 'कॉन्सुएट्यूड'साठी त्याने त्याच्या आजीच्या तोंडचा, तुर्कांच्या वेळचा 'अदेत' शोधून आणला. तो मी मुकाट्याने ठेवला, कारण चपखल होता. यातली शेवटची तीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दर सोमवारी भिंतीच्या फटीत चटणीची रिकामी बरणी ठेवायची, तिच्यात त्याच्या चिठ्ठ्या, माझ्या चिठ्ठ्या. एकही सोमवार चुकला नाही. पेटी स्पासला.

इथे इलियेवाबाईंनी पेन थांबवलं. "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, बिस्त्राबाई."

"मग मला बोलावलं कशाला?" स्पास गुरगुरला.

"ऐकायला. उभा राहा."

कलम पाच. फुलं. आमच्यात जिवंत माणसाला विषम फुलं द्यायची आणि मेलेल्याला सम, हे शेंबडं पोरही जाणतं. पण अठ्ठ्याऐंशी साली स्पासला इंग्रजी रीतीभातींनी झपाटलं होतं. होय म्हणायला तो त्यांच्यासारखी मान वरखाली करायचा. आपल्यात तो नकार, त्यामुळे वाण्याने त्याला महिनाभर चीज दिलं नाही. त्या ऑक्टोबरात तो गाब्रोवोहून गुलाब घेऊन मला मागणी घालायला आला. मी मोजले. बारा! आतल्या खोलीत माझी आई अंथरुणाला खिळलेली. मी गुलाब त्याच्या अंगावर फेकले आणि दार लावलं. नऊ दिवसांनी आई गेली. मी बोल त्या बारा गुलाबांना लावला, आणि ते आणणाऱ्याला.

प्रेमाची फुलं इंग्रज डझनाने देतात, हे मला पुढे या पेटीसाठीच चाळलेल्या एका जुन्या पुस्तकात सापडलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेवढं एक वाक्य लिहून बरणीत टाकायला दर सोमवारी माझा हात पुढे गेला आणि मागे आला. चूक त्याची एका दिवसाची होती, माझी एकोणीस वर्षांची. माझा त्याच्यावर जीव होता. अजून आहे. लिहा, इलियेवाबाई, थांबू नका.

सबब माझ्या शवपेटीवर स्पासने बारा गुलाब आणावेत. तेव्हा तरी ते दोन्ही देशांच्या रीतीने बरोबर ठरतील.

हे ऐकून स्पास निघून गेला. फाटक आपटल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला.

"घालवलास!" पेन्का म्हणाली. "सांगायचंच होतं तर नीट चहा पाजून सांगायचंस."

मला रडू आलं, हेही लिहावं. पेन्का दुसऱ्या साक्षीसाठी बेकरीतून गांचोला घेऊन आली. त्याच्या मागोमाग स्पास आत आला. हात काट्यांनी ओरबाडलेला, हातात त्याच्या अंगणातला एकच गुलाब.

"बारा दिले होते," तो म्हणाला. "एक राहिला होता. घे. आता झाले तेरा."

कलम पाच रद्द. माझ्या शवपेटीवर स्पासने काहीही आणू नये. त्याने टोपी खुंटीला लावली आहे आणि पेटी खाली काढली आहे. भोक पडलेली चिठ्ठी त्याने आधी शोधली.

"कलम चारही रद्द करूया का?" मी त्याला विचारलं. "म्हणजे तुला सही करता येईल."

"नको. सही करू दे गांचोला. पेटी माझी."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या बोलण्याबरहुकूम आहे.

बिस्त्रा हाजीपेन्कोवा (सही)

साक्षीदार:
१. पेन्का तोत्लेवा (सही). बरण्या पाचच.
२. गांचो मिरचेव, बेकरीवाला (सही)

नोटरी: र. इलियेवा (सही, शिक्का)

त्र्याव्ना, १४ जून २०१९

स्पास दोन्कोव. साक्षीदार नाही. हजर.