माटवीची मधली दोरी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी, शके १८८३

प्रिय सुगंधा,

चार वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला घरात सगळ्यांत आधी काशीकाकी उठली, असं तू आजवर धरून चालली आहेस. तसं नव्हतं. तिच्याआधी मी उठलो होतो. समईची वात सारली, पाट ओढला आणि गणपतीसमोर त्यावर चढलो. पुढचं लिहिताना हात अडतो, म्हणून आधी घरची खबर देतो.

परडं यंदा भरून आलं आहे. तांबडी भाजी दोनदा खुडून झाली. पडवळं वाकडी होऊ नयेत म्हणून तुझी वहिनी त्यांना तू बांधायचीस तसेच दगड बांधते, पण तिचे दगड जड होतात आणि पडवळं तुटतात. चिबूड फुटले की माझा महादू गूळ घेऊन वेलापाशीच बसतो. काकी म्हणते, “माका दात नाय म्हणान देवान चिबूड केल्यान.” सगळे हसतात. काकड्या मात्र तुझ्या बियांच्या आहेत. तू गेल्यावर चुलीमागच्या फळीवर करवंटीत राखेत घोळलेलं बी सापडलं. ते कुठल्या काकडीचं, हे मी ओळखलं. दर पावसाळ्यात ते पेरतो. जून काकडीचं गूळ घालून गोड धोंडस होतं, मुलं भांडं चाटून पुसून खातात, आणि मी पोट बरं नाही म्हणून पानावरून उठतो.

त्या वर्षी आदल्या दिवशी आम्ही बाप्ये मंडळी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायला गेलो होतो. मागे तू देवावर टांगलेल्या माटवीच्या चौकटीला, मधल्या दोरीला, देवाच्या बरोबर डोक्यावर, परड्यातली पहिली काकडी बांधलीस. अकरा वर्षं ते परडं तू एकटीने राखलंस. बी तुझं, शिंपणं तुझं, गुरं हाकलणं तुझं. पण नवरा गेलेल्या बाईने माटवीला फळ बांधायचं नाही, हा घरचा रिवाज. मी परत आल्यावर पाहिलं आणि तशीच राहू दिली. पहाटे मात्र भीती वाटली. आरतीला भाऊबंद येतील, कोणी विचारील, देवासमोर तुला खाली बघावं लागेल. ती सोडून पुन्हा माझ्या हाताने बांधावी, म्हणजे ‘मी बांधली’ असं सांगता येईल, एवढंच मनात होतं. गाठ सोडली आणि काकीचा खोकला ऐकू आला. काकडी जमिनीवर ठेवून मी मागच्या दाराने विहिरीवर गेलो.

घागर घेऊन आलो तर सगळे माटवीखाली उभे. काकी म्हणाली, “आपसूक पडली. देवाक मान्य नाय झाला.” तू हळूच म्हणालीस, “माझी गाठ घट्ट होती रे दादा.” आणि माझ्याकडे पाहिलंस. एक वाक्य पुरलं असतं. मी घागर उतरवली आणि पाय धुवायला गेलो. दसरा झाल्यावर तू शिरोड्याला जावेकडे निघालीस, तेव्हाही तुझं गाठोडं मीच मोटारीवर चढवलं. रोज देवाला फूल वाहणारा माणूस मी. माझी करणी त्या देवाच्याच अंगावर टाकून चार वर्षं त्याची पूजा करत आलो.

गेल्या महिन्यात आपला गडी लवू शिरोड्याहून आला. तुझी खुशाली विचारली तर म्हणाला, घरामागे मोकळी जागा आहे, विहीर आहे, पण बाय काही लावत नाही. विचारलं तर म्हणते, माझ्या हाताक गुण नाय. ते ऐकल्यापासून माझी झोप गेली. तुझ्या हाताचा गुण इथे माझ्या परड्यात वाढतो आहे आणि माझीच मुलं तो खात आहेत.

आज सकाळी पूजा झाली. थोरला म्हणून गाऱ्हाणं मीच घातलं. घराची, गुरांची, मुंबईला गेलेल्यांची राखण कर, असं नेहमीचं सगळं म्हटलं आणि दर वाक्याला मागून “व्हय म्हाराजा” आलं. मग मी म्हणालो, “बा देवा म्हाराजा, चार वर्सांमागे सुगंधाची काकडी पडली नाय. ती मी सोडलंय, आणि तुझ्या नावावर घातलंय.” मागून काहीच आलं नाही. महादूच्या हातातली झांज तशीच राहिली. भाऊबंदांतला बाबूकाका प्रसाद न घेता दारापुढच्या खळ्यात उतरला आणि चालू लागला. मी मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने काकी एकटी म्हणाली, “व्हय म्हाराजा.” मग तुझी वहिनी म्हणाली, मग मुलं. काकी पुढे म्हणाली, “आता त्या चेडवाक आणूक कोण जातलो?” म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या मोटारीने लवू ते घेऊन निघेल, आणि तू हो म्हणालीस तर तुला घेऊनच परतेल. गणपती अनंतचतुर्दशीपर्यंत आहे. माटवीला नारळ, रानातली कवंडळं, सुपारीचे घड, सगळं बांधून झालं. पहिली काकडी मी तोडलेली नाही, ती वेलावरच आहे. मधली दोरी मी रिकामी ठेवली आहे.

तुझाच दादा,
भिकाजी