तिकडची तिवई

आप्पा,

हे पत्र मी अकरा दिवस टाळतेय. पहिल्या दिवशी पेन सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पेन सापडलं, तर मेट्रोत बसून उगाच शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आले. टाळण्यात मी लहानपणापासून तरबेज. तुम्ही तिकडं होतात तेव्हा मी महिन्याला एक पत्र मराठीत लिहायचं असं ठरलं होतं, आणि मी आईच्या पत्राखाली ‘मी मजेत आहे’ एवढंच लिहून खेळायला पळायचे. तिकडं म्हणजे आफ्रिकेतला तो देश, जिथं तुमची पलटण निळ्या टोप्या घालून शांतता राखायला गेली होती. घरात त्याचं नाव कधी घेतलंच गेलं नाही. तिकडं आणि इकडं, एवढाच आपला भूगोल. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणजे आता उत्तराची घाई तुम्हालाही नसणार.

नववीतली ती संध्याकाळ आठवते? मी वक्तृत्वाचा कप घेऊन आलेय. विषय होता गरीब देश आणि लोकशाही. स्टेजवर मूठ आपटून मी म्हटलं होतं, ‘ऐसे देशों को वोट नहीं, डंडा चाहिए’, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आई भाकरी थापतेय, तुम्ही कांदा चिरताय, कारण रिटायर झाल्यापासून कांदा तुमच्याकडं होता. मी भाषण परत म्हणून दाखवते. तुमचा हात थांबत नाही.

“तिकडच्या किती जणांना विचारलंस?”

“आप्पा, मी इथं मानसरोवर कॉलनीत राहते. कुणाला विचारणार?”

“मला विचारायचंस की.”

“तुम्ही काय तिकडचे आहात?”

“दीड वरीस हुतो. तू किती हुतीस?”

आई म्हणाली, “आवो, पोरीनं कप आणलाय, आधी बघा तरी.” तुम्ही कप उलटा करून तळ पाहिला, “चांगला हाय, चहा मावंल,” म्हणालात, आणि मग कुणी न विचारता ते गेटचं सांगितलंत. शहरात मारामारी पेटली, एक दिवस सकाळीच माणसं तुमच्या तळाच्या गेटाशी आली. बायका, पोरं, डोक्यावर गाद्या. तुम्ही गेटवर ड्युटीला. आत घ्या असा हुकूम नव्हता, म्हणून दुपारपर्यंत तुम्ही गेट बंद ठेवलंत. मग वायरलेसवर हुकूम आला आणि उघडलंत. “पर एक सांगतो पोरी,” तुम्ही म्हणालात, “उघडू नको असाबी हुकूम कुणी दिला नव्हता. मी आपला वाट बघत बसलो.” कांद्यानं डोळे भरले होते की कशानं, ते मी तेव्हा विचारलं नाही. डोक्यात कपच होता.

त्या लोकांनी तळाच्या आत झाडाखाली आपली बैठक बसवली. मारामारीतल्या दोन्ही बाजूंची माणसं एकाच नळावर पाणी भरत होती, तेव्हा रोज भांडण, रोज बैठक. मधे बसायचा एक म्हातारा, लाकडाच्या बुटक्या तिवईवर. तो सगळ्यांचं ऐकायचा आणि शेवटी बोलायचा. त्यानं एकदा तुम्हाला विचारलं, गेट किती वेळ बंद ठेवलं होतंस? तुम्ही सांगितलंत, सकाळपासून दुपारपर्यंत. परत निघालात तेव्हा त्यानं ती तिवई तुमच्या हातात दिली. म्हणाला, बंद ठेवणारे पुष्कळ बघितले, किती वेळ ते स्वतःच्या तोंडानं सांगणारा तूच पहिला.

आणि तुम्ही काय केलंत, तर ती तिवई घेऊन कॉलनीच्या मीटिंगला गेलात! बोअरिंगच्या पाण्याचं भांडण, तुम्ही त्या वर्षी अध्यक्ष. सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, अध्यक्ष जमिनीपासून वीतभर उंचीवर. सेक्रेटरी अंकल हात जोडून म्हणत होते, “सूबेदार साहब, मेहरबानी करके कुर्सी ले लीजिए, अच्छा नहीं लगता.” तुम्ही म्हणालात, “आपल्याकडं खुर्चीवाला आधी बोलतो आणि बाकीचे चहा पितात. आज उलटं करून बघू.” हे अर्धं मराठीत, म्हणून कुणालाच कळलं नाही. पण पाण्याच्या वेळा त्या दिवशी ठरल्या आणि अजून त्याच आहेत. शरमेनं मी गच्चीवर जाऊन बसले होते.

त्यानंतरचं तुम्ही पाहिलं नाहीत ते बरंच. कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं. विषय राज्यशास्त्रच होता, पण पुस्तकातले देश नुसतेच मागासलेले किंवा पुढारलेले असायचे, तिथं कुणी कांदा चिरत नव्हतं. मग फिरत राहिले. होस्टेलात रिसेप्शन, ट्रेकवाल्यांचा स्वयंपाक, जे मिळेल ते. नेपाळात एका चहावालीनं विचारलं, तुमच्याकडं सरकार किती वर्षं टिकतं? मी ऐटीत सांगितलं, पाच. ती म्हणाली, मग मधली पाच वर्षं तुम्ही करता काय? तुम्हाला हसून हसून खोकला लागला असता. तिच्याच माळ्यावर मी तीन आठवडे राहिले. तिनं माझं गाव, जात, काही विचारलं नाही.

आता मूळ मुद्दा. आपली गच्चीवरची खोली रिकामी आहे. अकरा दिवसांपूर्वी एक मुलगा विचारायला आला. उंच, इस्त्रीचा शर्ट, हातात कॉलेजची फाइल. तिकडचा. खरंच तिकडचाच, आप्पा, त्याच देशाचा. आई स्वयंपाकघराच्या दारात तिवईवर बसून मेथी निवडत होती. त्यानं तिवई पाहिली आणि त्याचा चेहराच बदलला. मोडक्या हिंदीत म्हणाला, “ये... मेरे दादाजी के पास, सेम.” आणि मी म्हटलं, “सॉरी भैया, कमरा उठ गया.” तो “थैंक्यू, दीदी” म्हणाला आणि गेट अलगद लावून गेला. अलगद! आपटलं असतं तर बरं झालं असतं.

आईनं मेथीतून मान वर केली. “खोली कुणाला दिली गं?”

“आई, कॉलनीवाले बोलतील. मतलब, मी पुढच्या महिन्यात निघून जाणार, तू एकटी असणार. सेक्रेटरी अंकलना तू ओळखतेस ना.”

“मी वळखते,” आई म्हणाली. एवढंच. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त मीठ-साखरेपुरतं बोलते.

तर आप्पा, हे कागदावर आणायला अकरा दिवस लागले. कॉलनीतल्या कुणीही मला काही म्हटलं नव्हतं. एका माणसानंही नाही. मी त्यांच्या वतीनं स्वतःच घाबरले आणि स्वतःच नाही म्हटलं. नववीत मूठ आपटणारी मीच, आणि तीन आठवडे दुसऱ्याच्या माळ्यावर झोपणारीही मीच. किती वेळ बंद ठेवलं? अकरा दिवस. तुमची तर एकच सकाळ होती.

खाली स्कूटर थांबलीय. थांबा, गच्चीच्या कठड्यावरून बघते.

सेक्रेटरी अंकल आहेत. मागच्या सीटवर तो मुलगा, मांडीवर लोखंडी ट्रंक सांभाळत. अंकल ओरडतायत, “भाभीजी, आपने जिसका कहा था, मिल गया! दुर्गापुरा में दोस्त के यहाँ फ़र्श पर सो रहा था.” म्हणजे आईनं त्यांनाच कामाला लावलं होतं, आणि मला पत्ता नाही. आता ती तिवई उचलून व्हरांड्यात ठेवतेय आणि मला हाका मारतेय.

पत्र घडी करून तुमच्या निळ्या टोपीखाली ठेवते, पोस्टाचा प्रश्नच नाही. मला खाली जायचंय. खोली उठली नव्हती, हे तेवढं मी आधी सांगते. मग तो तिवईवर बसू दे, बोलू दे. मी शेवटी.