भेकरासाठी बसायची जागा

४ डिसेंबर
बंगल्याचे शेठ धनुष्य घेऊन आलेत. खेळण्यातलं नाही, बाण आरपार जाईल असं. आबांना म्हणाले, "बंदुकीचा आवाज होतो. भेकर कुठं येतं तेवढं दाखव." माझे आबा त्यांचे माळी, राखणदार, आता हेही. मी म्हटलं, गुन्हा आहे. आबा : "कायदा तुझ्या कालेजात. हितं शेठ."

५ डिसें.
आबांनी ओढ्याकाठचा आवळा दाखवला. पडलेले आवळे खायला भेकर तिथं येतं. पहाटे वारा डोंगरावरून उतरतो, म्हणून आपला वास त्याला लागू नये यासाठी झाडाच्या खालच्या अंगाला बसायचं. हे मला लहानपणी शिकवलं होतं. नुसतं बघायला. तेच आता या माणसाला... जेवले नाही.

६ डिसें.
त्यांच्या आधी जाऊन आबांचा घामट सदरा आवळ्याच्या वरच्या अंगाला झुडपात अडकवला. वास लागून भेकर लांबूनच भुंकलं, जवळ आलं नाही. शेठनी आबांना आईवरून शिव्या दिल्या. घरी येऊन आबांनी सदरा माझ्यापुढं टाकला. "माझा वास मला वळखू येतो." शेठना मात्र सांगितलं नाही. माझ्याशी बोलणं बंद.

८ डिसें.
शेठ : "जनावर माणसाला घाबरत नाही अशी जागा सांग."  आबा म्हणाले, "देवराई."
तिथली काटकीही गावात कोणी आणत नाही. म्हणून तर भेकर तिथं माणसासमोर चरतं.
आई : "तितलं लाकूड कधी जाळलं न्हाई, आन् तुमी रगात सांडणार?"
आबा : "खोली बंगल्याची हाय. हाकललं तर जायचं कुटं? इचार तुज्या बीएस्सीला."
वन खात्याला कळवते म्हटलं. आबा दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले : "कळव. दाखवणारा मी. आदी मलाच नेतील."
 राग आहे, शेठचा आणि आबांचाही.

९ डिसें.
उजाडायच्या आत देवराईत भेकराच्या वाटेवर जाऊन बसले. दोघं देवराईच्या कडेला आले. शेठ : "हिला उठव." आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सवयीनं वेशीच्या दगडाशी चपला काढल्या. शेठ तसेच आत.
"शेठ, बूट."
शेठ हसले. चालत राहिले.
आबा दगडाशीच थांबले, अनवाणी. शेठनी दोनदा हाक मारली. आबा ना आत आले, ना मागं गेले.
भेकर दिसलं नाही. संध्याकाळी शेठ म्हणाले, उद्या पुन्हा, आणि पोरीला कोंडून ठेव. आबा झारी उचलून बागेत गेले.  वन खात्याचा नंबर मोबाइलवर काढून ठेवलाय. अजून लावला नाही.