डाव्या दाराची पट्टी

बाबा, तुमच्या गाडीच्या डाव्या दाराची पट्टी शेवटी मी काढली. तुम्ही होतात तोवर त्या पट्टीला बोट लावायची कुणाची हिंमत नव्हती. रविवारी पिवळं फडकं घेऊन तुम्हीच ती पुसायचात, आणि पुसून झाली की वाकून तिच्यात तोंड बघायचात. तुमच्यामागे गाडी सरावली गावातल्या आपल्या घरामागे पत्र्याखाली उभी राहिली. भंगारवाला येऊन विचारायचा आणि मी त्याला हाकलून द्यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, पोरीला बापाची आठवण सोडवत नाही. खरं सांगू? तुम्ही झोपेत गेलात. आईने चहा ठेवला आणि तुम्ही उठलाच नाहीत. इतकं सोपं मरण तुम्हाला मिळालं, याचा राग माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. तुमची कॉलर धरायची राहून गेली होती. माणूस हाती लागला नाही, गाडी लागली. ती दुसऱ्या कुणी तोडलेली मला चालणार नव्हती.

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी पहार घेऊनच मी शेडमध्ये शिरले. पट्टीखाली पहारीचं टोक खुपसलं आणि सगळं अंग टाकून ओढलं. रंगाचा पापुद्रा निघाला, पट्टी जागची हलली नाही, आणि पहार सटकून माझ्या मनगटाला लागली. मी तुम्हाला अशा शिव्या दिल्या की कारखान्यातल्या पोरांनीसुद्धा कानावर हात ठेवले असते. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती घाबरली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मोडतेस कशाला? चालू कर ना. मना तिच्यात बसून सातपाटीला जायचं हाय. पुढच्या शिटावर. बोंबलाची टोपली मांडीवर घेऊन." ते ऐकून मी पहार खाली ठेवली. तिला हे वाक्य बोलायला किती वर्षं लागली ते तुम्हाला आणि मला दोघांनाच कळेल.

मी लहान असताना, त्या दिवशी, आपण सातपाटीहून, तिच्या माहेरूनच येत होतो. मामाने सुक्या बोंबलांची टोपली दिली होती आणि आईने ती पायाशी ठेवली होती. तुम्ही घाटावरची माणसं, प्लँटमधल्या नोकरीसाठी इकडे आलेली. कोळ्याची पोर तुम्ही हौसेने केलीत, तिच्या हातचं सरंग्याचं कालवण बोटं चाटून खाल्लंत, पण तुमच्या गाडीला मासळीचा वास तुम्हाला चालत नव्हता. वैतागून काचा खाली-वर करता करता तुम्ही गाडी थांबवता. टोपली उचलून रस्त्यावर भिरकावता. आई उतरते, खाली बसून बोंबील वेचायला लागते. मी मागच्या सीटवर आहे. तुम्ही गाडीला वळसा घालून येता, तिचा अंबाडा मुठीत धरता आणि तिचं डोकं दारावर आपटता. आवाज मला आतून ऐकू येतो, दार माझ्या गुडघ्याजवळच आहे. मग पुन्हा एकदा. मग तुम्ही खाली बघता, आणि तुमच्या तोंडून काय निघतं? "दार गेलं!" आईच्या कपाळावरून रक्त येतंय, ते तिने पदराने दाबून धरलंय, आणि तुम्ही दाराला आलेला खड्डा चाचपून बघताय. तो तळहात मी विसरले नाही, बाबा. तसा हळुवार हात तुम्ही तिच्या अंगावरून कधी फिरवल्याचं मला आठवत नाही.

मग तुम्ही ती पट्टी बसवून घेतलीत. कंपनीची मूळ पट्टी बोटाएवढी, क्लिपांत बसणारी. ती उपटून टाकून तिथे चार बोटं रुंद चकचकीत पट्टी, दोन्ही बाजूंना, म्हणजे कुणाला संशय नको. वसाहतीतले लोक म्हणाले, गाडीला काय शोभा आली! तुम्ही हसलात. आईला टाके पडले होते, तिथे तिने कुंकू मोठं लावायला सुरुवात केली. सगळं झाकलं गेलं. आणि मला तुम्ही कधी चापटसुद्धा मारली नाहीत. मांडीवर बसवून स्टिअरिंग हातात द्यायचात, पाना कसा धरायचा ते शिकवायचात, पाहुण्यांना सांगायचात की माझी पोर दहा पोरांना भारी आहे. माझा जीव होता तुमच्यावर. आईला मार पडला की मी आतल्या खोलीत पाढे म्हणायचे, मोठ्याने, आणि मनात म्हणायचे, मला नाही मारत. त्याचाही राग येतो मला, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते अजून ठरत नाही.

असो. पट्टी. गाड्यांचे पोचे काढणाऱ्या बोईसरच्या डेंटरने येऊन पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, खींचो मत. गरम करो, फिर धागे से काटो." मी केस वाळवायच्या मशीनने पट्टी तापवली. धागा आईने आणला, मामाच्या होडीवरचा तंगूस, मासे पकडायची नायलॉनची दोरी. तिने एक टोक धरलं, मी दुसरं, आणि पट्टीच्या मागून आम्ही करवतीसारखी ती ओढत गेलो. खालचा काळा चिकटा लांब तारा सोडत सुटत होता. किती फासला होतात तुम्ही तो! पट्टी निघाली आणि खड्डा उघडा पडला. वाटीएवढा. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही, हातोडीने गाडीची काच फोडावीशी वाटली. आईने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढाच हाय? मना मोठा वाटला हुता."

दार खालून कुजलं होतं. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, बाबा, ती तुम्ही तोच चिकटा भरून बुजवली होतीत. काचेच्या रबरातून आत जाणारं पाणी बाहेर पडणार कुठून? मी पेचकस खुपसला तर तांबडं, कुबट पाणी माझ्या पायावर आलं. टापटीप माणूस तुम्ही. जिथे भोक दिसलं तिथे बुजवलंत.

इंजिन मेकॅनिककडून चालू करून घेतलं. गंज खरवडला, तांबडा प्रायमर मारला. मूळ बारीक पट्टी मुंबईत जुन्या पार्टांच्या बाजारात हिंडून मिळवली, आता ती बनतच नाही. खड्डा मात्र तसाच ठेवायचा मी ठरवलं होतं. रंग नवा, पट्टी नवी, आणि मधोमध तो खड्डा, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारावं आणि मी सांगावं. डेंटरलाही तसंच बजावलं होतं. मग पट्टी बसवून बघायला घेतली. प्रत्येक भोकात क्लिप बसवायची, आणि एका टोकापासून तळव्याने पट्टी दाबत, अडेल तिथे रबरी हातोडीने ठोकत जायचं. दुसरं टोक आईच्या हातात. तिचे हात आता थरथरतात. टोक सुटलं, जमिनीवर आपटलं आणि पट्टी मधोमध मुडपली.

"अक्कल गहाण ठेवलीस का?"

हे मी बोलले, बाबा. तुमचं वाक्य, तुमच्याच पट्टीतल्या आवाजात. आणि उजव्या हातातली रबरी हातोडी डोक्याच्या वर गेली होती. आईचं कोपर लगेच वर आलं, तोंड आणि कपाळ झाकून. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, गुडघे गेले, नजर गेली, पण ते कोपर कसं झटकन वर आलं! हातोडी खाली यायला बघत होती. खोटं कशाला सांगू, माझ्या दंडातला जोर मला जाणवत होता, आणि तो बरा वाटत होता.

आईने कोपराखालून माझ्याकडे पाहिलं. मला हुंदका फुटला तशी ती कडाडली, "रडू नको! तो बी असाच रडायचा, मारून झाल्यावर. रडणं मी लय बगितलंय. हातोडी खाली ठेव." मी ठेवली. "लांब ठेव." मी शेडच्या बाहेर नेऊन ठेवली. ती पिंपावर बसली, श्वास घेतला, आणि दाराकडे बोट करून म्हणाली, "नी तो खड्डा काढून टाक. डोकं माजं हुतं. तू लोकांना दाखवायला ठेवतेस, मना रोज बगायला लागंल." मला वाद घालायचा होता. माझ्याकडे मुद्दे होते. तुम्ही गेल्यावरही तिने न सोडलेल्या त्या मोठ्या कुंकवाखालची खूण बघितली आणि मुद्दे गिळले.

डेंटरने आतून ठोकून खड्डा काढला, वर रंग मारला. मुडपलेली पट्टी जमेल तितकी सरळ केली, उन्हाची तिरीप पडली की कळतं. क्लिपांच्या भोकांत पाणी अडवणारं सीलंट भरून ती बसवली आणि ते वाळेपर्यंत कागदी टेप लावून ठेवली. तळाची भोकं मात्र मी स्वतः मोकळी केली आणि तार घालून तपासली. हे पत्र घडी करून त्या दारात टाकावं, वरून आतलं कव्हर बसवावं, असं आधी मनात होतं. पण कागद भिजतो, त्याचा लगदा खाली जातो आणि भोकं पुन्हा बुजतात. तेव्हा तिथेही टाकत नाही. राहू दे माझ्यापाशीच.

काल सातपाटीला जाऊन आलो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर टोपली, रस्ताभर मामाच्या सुनेच्या तक्रारी. परतताना ऊन तापलं आणि बोंबलांचा वास नव्या सीट कव्हरांत शिरला. माझा जबडा आवळला, बाबा. अगदी तुमच्यासारखा. आईच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती बोलता बोलता थांबली आणि टोपली तिने पोटाशी ओढून घेतली. मी काच खाली केली. "मग पुढे काय म्हणाली ती?" असं विचारलं, आणि घर येईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.