सुलभाताईंची चावी

डिचोली, मंगळवार संध्याकाळ

आज मी ऑफिसात सगळ्यांना बोलावून सांगितलं, उद्यापासून गिऱ्हाइकांना जाणारी पत्रं एआय लिहिणार. इतकी वर्षं ती लिहिणाऱ्या सुलभाताई समोरच बसल्या होत्या. 'कोणाचीही नोकरी जाणार नाही, आपण एक कुटुंब आहोत,' हेही वाचून दाखवलं. वाटलं, छान झालं. सगळे गेल्यावर ताईंनी ड्रॉवरची चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"ही कशाला?"

"बाय, खाण बंद पडायच्या आधी आमच्या घोवालाही तिथल्या साहेबांनी असंच गोड सांगितलं होतं. चावी मागायची पाळी तुमच्यावर नको."

खाण गेली तेव्हा हा धंदा बाबा बघायचे. त्यांनी खनिजाचे ट्रक विकले, हॉटेलांना माल पोचवायला टेम्पो घेतले. एकाही माणसाला घरी बसवलं नाही. पण असलं काही ते बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला काम सांगितलं, बस्स.

चावी पर्समध्ये आहे. सारखी हाताला लागते. परत द्यायचीच आहे, पण काय सांगून? ते नोकरीचं वाक्यसुद्धा माझं नव्हतं, एआयनंच लिहून दिलेलं. ते खरं आहे का, हे वाचताना मी स्वतःला विचारलंही नाही. आता विचारतेय, आणि चटकन हो म्हणवत नाही.